बत्तीस की चौसष्ट?

गुंडेराव काकांना कुणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "बत्तीस की चौसष्ट?"

हिमायतनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये जुन्या लोकांना याची सवय आहे. नवीन कुणी आलं की घोटाळा होतो. तिसऱ्या मजल्यावर पुण्याची मधुरा राहायला आली, तेव्हा तिच्या सासूबाई जिन्यात काकांना भेटल्या आणि काकांनी त्यांना हाच प्रश्न टाकला. सासूबाई तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "बत्तीस कुठले हो आता! खालचे चार उरलेत." काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचे नव्हे. कॉम्प्युटरचे विचारतोय."

मी काकांकडे नऊ वर्षं स्वयंपाक करते. काकू मी यायच्या आधीच गेल्या, मूलबाळ नाही. एका माणसाचा स्वयंपाक तो केवढा! सकाळी नऊला जायचं, वरण-भात, भाजी, चार पोळ्या करायच्या, सगळं झाकून ठेवायचं आणि साडेअकराला निघायचं. मला फार बोलता येत नाही आणि काकांना कॉम्प्युटर सोडून दुसरं बोलता येत नाही, म्हणून आमचं छान जमतं.

हे बत्तीस-चौसष्ट काय आहे, ते मला काकांनीच समजावलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक सिस्टीम असते. बाकी सगळे प्रोग्राम तिच्या जिवावर चालतात. ती बत्तीस बिटची असते, नाहीतर चौसष्ट बिटची. बिट म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते तुम्हाला लागत नाही." त्या दिवशी मी आबिड्सच्या बाजारातून कुकरची रिंग आणली होती. कुकर तीन लिटरचा आणि रिंग निघाली पाच लिटरची. मी ती दाबून, पाणी लावून, वळवून बसवायला बघत होते. काका दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "बस्स. हेच. कुकर बत्तीस, रिंग चौसष्ट. जन्मभर दाबलंत तरी बसायची नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "उलटं मात्र चालतं. बत्तीसचा प्रोग्राम चौसष्टवर बहुतेक चालून जातो. तुमच्या रिंगचं तसं नाही. म्हणजे उदाहरण अर्धंच बरोबर आहे." आणि अर्धंच बरोबर उदाहरण दिल्याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं.

काका जमिनीच्या नोंदणीच्या कचेरीत नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, काकांनी कॉम्प्युटर शिकून घेतला. पण कचेरी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. त्यांच्याकडे एक लांबलचक वही आहे. तिच्यात बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचं एक पान. कुणाकडे कोणतं मशीन, पोटात कोणती सिस्टीम, तिच्यावर काय चालतं, काय चालत नाही. मधुराच्या पानावर लिहिलंय, "सदर यंत्र उत्तम स्थितीत. मालकास घाई फार."

कुणी म्हणालं, काका, अमुक एक प्रोग्राम टाकून द्या, की ते आधी हात वर करतात. "ठैरा! पहले मशीनला विचारा. ते काय पेलतं ते ते सांगेल. तुम्ही कोण ठरवणारे?" कुणी सगळ्यात नवीन व्हर्जन मागितलं तर ते फार चिडतात. "नवीन ते चांगलं असं कुणी सांगितलं? तुमच्या मशीनला जे जुळतं ते चांगलं. उगाच म्हाताऱ्याला धावायला लावून परेशान कायकू करायचं?"

त्यांच्याकडे सुपारीचा एक पितळी डबा आहे. त्यात सुपारी नाही, पेनड्राइव्ह आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. "खात्रीचे", "पुन्हा तपासणे", आणि एकावर नुसतंच "नक्को".

आता त्यांच्या कामाची पद्धत. आधी हात धुणार. मग खुर्ची कॉम्प्युटरसमोर बरोबर मध्ये आणणार. प्रोग्राम सुरू करताना इंग्रजीत लांबलचक करारनामा येतो आणि खाली "मान्य आहे" असं बटण असतं. जगातली सगळी माणसं तो मजकूर न वाचता बटण दाबतात. काका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. मोठ्यानं.

एकदा मधुराच्या नवऱ्याला राहवलं नाही. "काका, क्लिक करा ना नुसतं!"

"तुम्ही जमिनीच्या कागदावर अशीच सही करता का?"

"मी अजून जमीन घेतलेली नाही."

"नका घेऊ," काका म्हणाले आणि पुढचं कलम वाचायला लागले. त्या दिवशी मधुराकडे त्यांचा दोनदा चहा झाला, उस्मानिया बिस्किटं झाली, मुलांचा अभ्यास झाला, सासूबाईंची पोथी झाली, आणि मग कुठे काकांनी बटण दाबलं. त्यानंतर ती पट्टी येते. थोडी थोडी भरत जाते. ती भरेपर्यंत घरात कुणी मिक्सर लावायचा नाही, कुणी माउसला हात लावायचा नाही. "टोचू नका त्याला. घास उतरतोय."

हल्ली मात्र काकांना कुणी बोलवत नाही. एक दिवस मधुराच्या नवऱ्याने जिन्यातच सांगून टाकलं, "काका, आता सगळं आपोआप होतं. आपण झोपलेले असताना ते स्वतःच स्वतःला अपडेट करतं."

"आणि करारनामा कोण वाचतं?" काकांनी विचारलं.

तो हसला आणि ऑफिसला गेला. काका वर आले, सुपारीचा डबा उघडून सगळ्या चिठ्ठ्या नीट केल्या आणि पुन्हा बंद करून ठेवला. मी वरणाला फोडणी देत होते. त्यांना म्हणावंसं वाटलं, की काका, आपोआप होतं तर होऊ दे ना. पण म्हटलं नाही. मी बहुतेक गोष्टी म्हणत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. माझी मुलगी रेणुका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आम्ही गौलीगुड्यात एका खोलीत राहतो, ती आणि मी. रेणुकाला एका कंपनीच्या परीक्षेला बसायला मिळालं. परीक्षा घरी बसून द्यायची, सोमवारी सकाळी दहाला, आपल्याच कॉम्प्युटरवर. त्यासाठी कंपनीचा एक प्रोग्राम आधी टाकून घ्यायचा. तो चालला नाही तर परीक्षा नाही, आणि पुन्हा संधी नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र तिने मला चारदा वाचून दाखवलं.

आमच्याकडे लॅपटॉप होता. मी जिथे पूर्वी काम करत होते, त्या बाईंनी नवीन घेतल्यावर जुना रेणुकाला दिला होता. शुक्रवारी तिने प्रोग्राम टाकायला घेतला. लॅपटॉपवर कोपऱ्यात चौसष्ट लिहिलेली चिकटपट्टी होती, म्हणून तिने चौसष्टचा घेतला. चालला नाही. पुन्हा घेतला. पुन्हा नाही. मैत्रिणीकडून आणला, तोही नाही. मग बत्तीसचा शोधायला गेली, तर कंपनी बत्तीसचा देतच नाही. संध्याकाळी घरी आले तर पोर गुडघ्यात डोकं घालून बसलेली.

"तुझ्या काकांना सांग ना, आई."

"सांगते," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी कामावर जाताना मी वाक्य पाठ केलं. "काका, रेणुकाचं जरा काम होतं." नऊ वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. भाजी चिरताना म्हणू म्हटलं, ते पेपर वाचत होते. कणीक मळताना म्हणू म्हटलं, ते दाढी करत होते. अकरा वाजले. काका स्वयंपाकघरात आले, पळीतून वरण चाखलं आणि थांबले.

"आज वरणाचं व्हर्जन बदललंय."

मीठ दोनदा पडलं होतं. मला रडूच आलं, आणि रडता रडता सगळं सांगून झालं. पाठ केलेलं वाक्य सोडून बाकी सगळं.

काकांनी पळी खाली ठेवली. "चौसष्टची चिकटपट्टी आहे, आणि चौसष्टचा बसत नाही?"

"हो."

"मशीनला विचारलं का?"

"विचारलं. नको म्हणतंय."

इतक्या दिवसांत काकांच्या तोंडावर असा उजेड मी पाहिला नव्हता. "उद्या नऊला येतो," ते म्हणाले. "पत्ता सांगा. आणि तोवर पोरीला म्हणावं, हात लावू नको."

रविवारी मी पाचला उठून खोली दोनदा झाडली. काका आमच्याकडे येणार म्हणजे बसवू कुठे, याच काळजीत होते. काका बरोबर नऊला आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही, हातात सुपारीचा डबा. चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि लोखंडी कॉटवर अशा ऐटीत बसले, जसे काही रोजचेच.

रेणुका वाकून नमस्कार करायला लागली.

"बत्तीस की..." काका बोलता बोलता थांबले. "तेच तर बघायचंय. बस."

लॅपटॉप उघडून त्यांनी इकडे-तिकडे चार ठिकाणी दाबलं, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला आणि मांडीवर थाप मारली. "पहाणीत नाव एकाचं, कब्जा दुसऱ्याचा!"

"म्हणजे?" रेणुका घाबरली.

"कागदावर मालक वेगळा, आणि जमीन कसणारा वेगळा. मशीन चौसष्टचंच आहे, चिकटपट्टी खरं बोलतेय. पण कुणीतरी त्याच्या पोटात बत्तीसची सिस्टीम भरून ठेवलीय. बिचारं इतकी वर्षं अर्ध्या ताकदीनं जगलं." त्यांना खरंच वाईट वाटलं. "पण बत्तीसवरून चौसष्टवर नुसतं चढता येत नाही. आधीचं सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल."

"सगळं? माझ्या तीन वर्षांच्या नोट्स आहेत त्यात!"

"म्हणून तर रविवार काढलाय."

मग त्यांनी एकेक वस्तू पेनड्राइव्हवर काढायला घेतली. प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, "ठेवू?" रेणुका म्हणायची, ठेवा. "मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो, ठेवू?" ठेवा. "इथे एक फाइल आहे, नाव आहे 'काहीतरी'. ठेवू?" शेवटी वहीत नवीन पान उघडून त्यांनी लिहिलं, "वरील वस्तू काढून घेतल्यानंतर उर्वरित माझ्या संमतीने पुसण्यात आले," आणि खाली रेणुकाची सही घेतली. पोर हसायच्या बेतात होती, पण सही करण्याआधी तिने ती ओळ दोनदा वाचली. चोवीस तासांवर परीक्षा आली होती आणि समोरचा लॅपटॉप कोरा झाला होता.

काकांनी "खात्रीचे" चिठ्ठीचा पेनड्राइव्ह लावला, करारनामा वाचला आणि नवी सिस्टीम घालायला घेतली. पट्टी अर्धी भरली आणि वीज गेली.

आमच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. पडदा एकदम काळा. रेणुका "आई गं" म्हणून ओरडली. माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

"हौ, होतं असं," काका म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून. त्यात काय!" पण मी पाहिलं, त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं.

शेजारची यादम्मा दारात आली. तिच्या घरची लाइन वेगळी आहे, तिच्याकडे वीज होती. "क्या हुआ साब? हमारी पिल्ल का काम होता ना?" रेणुकाला ती लहानपणापासून आमची पिल्ल, म्हणजे आमची पोरगी, असंच म्हणते.

"होता अम्मा, होता. जरा करंट देव."

यादम्माने खिडकीतून वायर टाकली. काकांनी ती स्वतः कॉटच्या पायाला बांधली आणि जो कुणी दारातून आत येईल त्याला "वायर! वायर!" म्हणून ओरडायला यादम्माला बसवून दिलं. मग पुन्हा हात धुतले, पुन्हा सुरुवात केली. करारनामासुद्धा पुन्हा वाचला. रेणुका म्हणाली, "काका, हा तर तासापूर्वीच वाचला होता ना?"

"मध्ये वीज गेली होती. बदललाही असेल."

दीड वाजता नवी सिस्टीम उभी राहिली. त्यांनी कंपनीचा चौसष्टचा प्रोग्राम टाकला. आम्ही तिघी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि सरावाचा पहिला प्रश्न आला. रेणुकाने यादम्माला मिठी मारली. काकांनी वहीत वेळ लिहिली.

"चला, जेवून घ्या काका," मी म्हणाले.

"जेवतो. पण काम संपलेलं नाही हं. अपडेट यायचेत अजून. ही पट्टी भरेपर्यंत मला हलता येणार नाही."

मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या होत्या, अंबाडीची भाजी आणि ठेचा. काका खाली मांडी घालून बसले. नऊ वर्षं मी या माणसासाठी रांधते, पण त्यांना जेवताना पाहिलं ते पहिल्यांदा. रोज मी झाकून ठेवते आणि निघून येते. ते किती वाजता खातात, गरम करतात की तसंच खातात, काय आवडतं, मला काहीच माहीत नव्हतं. ठेचा पाहिल्यावर त्यांनी बोट लावून चाखला आणि म्हणाले, "हा तिकडे का करत नाही?"

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात जात होती. त्यांनी तिसरी मागून घेतली. कचेरीतल्या गोष्टी सांगितल्या. एका माणसाने विहिरीची नोंद करताना आतला बेडूकही लिहून घ्या असा हट्ट धरला होता, ती गोष्ट त्यांनी यादम्माला दख्खनीत सांगितली आणि ती हसून हसून भिंतीला टेकली. जेवण झालं, तीन वाजले, चार वाजले. पट्टी सरकतच होती. भरली की काका पुढे वाकून काहीतरी दाबत, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सरकायला लागे.

रेणुका मोरीकडे आली, जिथे मी भांडी घासत होते. ओठ दाबून हसत होती.

"आई, सगळं दीडलाच झालंय."

"मग ते काय चाललंय?"

"काही नाही! त्यांच्याच पेनड्राइव्हवरचं एक मोठं फोल्डर आहे. ते इकडे कॉपी करतात, पुसतात आणि पुन्हा कॉपी करतात. मी तीनदा बघितलं. सांगू त्यांना? म्हणते, काका, पकडलं तुम्हाला!"

मी साबणाच्या हातानेच तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग कॉटकडे. काका पट्टीकडे पाठ करून बसले होते. यादम्माची नात त्यांच्या मांडीवर चढून चष्मा ओढत होती, आणि ते तिला सांगत होते की चष्म्याचाही नंबर जुळावा लागतो.

रेणुकाचं हसू गेलं. ती बाहेर गेली आणि म्हणाली, "काका, घाई नाही हं. नीट होऊ द्या. आई चहा टाकतेय."

साडेपाचला ते निघाले.

रेणुका ती परीक्षा पास झाली, हे पंधरा दिवसांनी कळलं. पण मला सांगायचंय ते सोमवारचं. सोमवारी मी नेहमीसारखी कामावर गेले. दहा वाजले आणि माझ्या पोळ्या वाकड्या व्हायला लागल्या. काका पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. साडेअकराला घरचा फोन वाजला, काकांनी उचलला. रेणुका होती.

"अडकलं नाही ना कुठे? पडदा काळा नाही झाला? सगळे प्रश्न दिसले? शाबास." त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "झालं. उत्तम झालं. आता त्या मशीनला दोन-चार वर्षं बघायला नको. तुमच्याकडचं माझं काम संपलं."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सरळ म्हटलं. मग पेपरची घडी घातली, आणि ती घडी पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

मी अन्न झाकलं. पिशवी उचलली. चपलेत पाय घातला, आणि मग परत आत आले. माझ्याकडे बटणांचा मोबाइल आहे. त्याच्यात फोन येतो, फोन जातो आणि टॉर्च लागते. तो मी काकांसमोर ठेवला. या वेळी मी काहीच पाठ केलं नव्हतं.

"काका, याचं व्हर्जन जुनं झालंय वाटतं. बघाल का जरा? इथे नको. रविवारी घरीच या."

काकांनी मोबाइल हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, मागचं झाकण काढून बॅटरी पाहिली. त्यात टाकण्यासारखं काही नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक. ते माझ्याकडे बघेनात. झाकण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"मोठं काम आहे," शेवटी ते म्हणाले. "एका रविवारात व्हायचं नाही."

"नाही झालं तरी चालेल. भाकऱ्या तर रोजच टाकते मी."

"किती वाजता बसता जेवायला?"

"तुम्ही आलात की."